दोन शर्ट, एकच माणूस : फिटिंगची तुलना दाखवणारी जाहिरात कशी करावी

फोनवर बोट फिरवताना एक चित्र हल्ली हमखास दिसतं. मधोमध उभी रेघ असते. डावीकडे ढगळ शर्टातला तरुण, खांदे पाडून, मान खाली घालून उभा. उजवीकडे तोच तरुण, शर्ट अंगाबरोबर बसलेला, छाती पुढे, केस नुकतेच विंचरलेले, चेहऱ्यावर हसू. खाली ओळ असते : 'फरक बघा.' फरक दिसतो, नाही असं नाही. पण तो शर्टामुळे पडला की उभं राहण्यामुळे, उजेडामुळे की हसण्यामुळे, हे काही कळत नाही. एका चित्रातून दुसऱ्यात जाताना पाच-सहा गोष्टी बदललेल्या असतात आणि बघणाऱ्याला ते शब्दांत सांगता आलं नाही तरी जाणवतं. तो पुढे सरकतो.

तुलनेच्या जाहिरातीचा सगळा कस इथेच लागतो. दोन चित्रांत फक्त एकच गोष्ट वेगळी असावी : शर्टाचा कट. माणूस तोच, कापड तेच, रंग तोच, साइज तोच, उजेड तोच. एवढं सांभाळलं तर जाहिरातीला मोठमोठे शब्द लागत नाहीत, आणि हे सुटलं तर कितीही सुंदर फॉन्ट वापरले तरी उपयोग होत नाही. इचलकरंजीत कापड विणणारे, सोलापुरात गणवेश आणि उल्हासनगरात जीन्स शिवणारे कितीतरी छोटे उद्योजक आता स्वतःच्या नावाने इन्स्टाग्राम-फेसबुकवर थेट गिऱ्हाइकाला माल विकायला लागले आहेत. जाहिरात कंपनीला देण्याइतका पैसा त्यांच्याकडे नसतो. ही माहिती मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

सुरुवात कॅमेऱ्यापासून नको, मापाच्या टेपपासून करावी. आपला शर्ट अंगावर चांगला बसतो म्हणजे नेमकं कुठे चांगला बसतो, हे आधी स्वतःला ठाऊक पाहिजे. खांद्याची शिलाई खांद्याच्या हाडाच्या टोकावर यायला हवी. ती दंडावर उतरली की माणूस उसन्या शर्टातला वाटतो. छातीला शरीराच्या मापापेक्षा चारेक इंच जास्त कापड असलं तर स्लिम शर्टात श्वास घेता येतो, बसता येतं. नेहमीच्या कटात हेच सहा-आठ इंच असतं आणि तेवढं सगळं कापड कमरेवर झोळ होऊन लोंबतं. पाठीत दोन डार्ट घेतले की झोळ कमी होतो. बाही मनगटाच्या हाडाशी संपावी. कॉलरचं बटण लावल्यावर आत दोन बोटं जावीत. यातली प्रत्येक गोष्ट टेपने मोजता येते, म्हणजेच जाहिरातीत दाखवता येते आणि कुणी विचारलं तर सिद्धही करता येते.

साइजच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. एका ब्रँडचा ४० म्हणजे इंचांतली छाती, तर दुसऱ्याचा ४० म्हणजे सेंटिमीटरमधली कॉलर. भारतीय देहांचा स्वतःचा मापतक्ता असावा म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निफ्टने, 'इंडियासाइज' नावाचं सर्वेक्षण हाती घेतलं. त्यात सुमारे २५,००० स्त्री-पुरुषांची मापं त्रिमित स्कॅनरने घ्यायचं ठरलं होतं. आज बाजारात मात्र ज्याचा त्याचा तक्ता वेगळाच आहे. म्हणून दोन्ही शर्ट टेबलावर पसरून छाती, कंबर, खांदा, मुंढा आणि उंची मोजा, कागदावर लिहा आणि तो कागद ठेवून द्या. पुढे तो दोनदा लागणार आहे.

या मापांतलं सर्वांत दुर्लक्षित माप म्हणजे मुंढा. बाही जिथे शर्टाला जोडली जाते तो गोल. मला विचाराल तर फिटिंगची खरी गोष्ट छातीत किंवा कमरेत नाही, मुंढ्यात आहे. कारखान्यात एकच नमुना निरनिराळ्या बांध्यांना चालवायचा असतो, म्हणून मुंढा मोठा आणि खाली उतरलेला ठेवतात. कुणाच्याही काखेत काचायला नको, हा त्यामागचा हिशेब. पण मुंढा खाली गेला की बाहीचा सांधा काखेपासून सुटून फासळ्यांवर येतो. मग हात वर केला की बाही एकटी वर जात नाही, शर्टाचं अख्खं अंग सोबत ओढून नेते. लोकलमध्ये वरची कडी धरली की पँटमध्ये खोचलेला शर्ट बाहेर येतो, तो यामुळे. आपण समजतो शर्ट आखूड आहे. खरं तर मुंढा खाली आहे. तोच मुंढा काखेच्या जवळ घेतला तर हाताची हालचाल बाहीतल्या बाहीत जिरते आणि शर्ट कमरेला जागच्या जागी राहतो. लहान मुंढ्यात हात जास्त मोकळा फिरतो, हे ऐकायला उलटं वाटतं. म्हणूनच ते दाखवण्यासारखं आहे.

तेव्हा हात खाली सोडून उभ्या असलेल्या माणसाच्या दोन चित्रांऐवजी हात वर केलेल्या माणसाची दोन चित्रं काढा. एका शर्टाची किनार वर चढून पट्टा दिसतोय, दुसऱ्याची जागच्या जागी आहे. हा फरक अंगठ्याएवढ्या चित्रातही ओळखू येतो, त्याला 'स्मार्ट लुक'सारखे शब्द लागत नाहीत, आणि लोकलने किंवा एसटीने उभ्याने जाणाऱ्या प्रत्येकाला तो स्वतःच्या अनुभवातून पटतो.

अंगाबरोबर बसणं आणि तंग होणं यांतली रेघही जाहिरातीत सांभाळावी लागते. बटणापाशी कापडाला फुलीसारख्या सुरकुत्या पडत असतील, दोन बटणांच्या मधली पट्टी उघडी पडत असेल, तर तो शर्ट फिट नाही, लहान आहे. दंड फुगवून बाही ताणलेली दाखवायची हौस टी-शर्टच्या जाहिरातींत फार आहे. लायक्रा मिसळलेल्या कापडात ती खपूनही जाते, कारण कापड ताणतं. सुती शर्टात मात्र ती शिलाईवर येते, आणि ते बघून शर्ट मागवलेलं गिऱ्हाईक पहिल्या दिवशीच काखेत उसवल्याचा फोटो पाठवतं.

आता तुलना कशाशी करायची? पर्याय तीन आहेत : दुसऱ्या कंपनीचा शर्ट नाव घेऊन दाखवणं, नाव न घेता 'बाजारातला शर्ट' म्हणून दाखवणं, किंवा आपल्याच दुकानातला नेहमीचा कट आणि स्लिम कट शेजारी ठेवणं. पहिल्याला आपल्याकडे बंदी नाही. जाहिरात क्षेत्राची स्वयंनियमन संस्था ॲस्की १९८५पासून मुंबईत काम करते आहे आणि तिच्या संहितेत तुलनेला जागा आहे. अटी एवढ्याच की कशाची कशाशी तुलना आहे ते स्पष्ट हवं, तुलनेचा विषय आपल्याला बनावट फायदा व्हावा असा निवडलेला नको, दावा खरा आणि सिद्ध करता येणारा हवा, आणि दुसऱ्याच्या मालाची नालस्ती नको. १९९९च्या ट्रेडमार्क कायद्यातही कलम २९च्या आठव्या उपकलमात जाहिरातीतून दुसऱ्याच्या चिन्हाचा गैरफायदा घेणं किंवा त्याच्या नावलौकिकाला धक्का लावणं हे उल्लंघन धरलं आहे. २०१०मध्ये रिनच्या जाहिरातीत टाइडचं पाकीट उघड दाखवलं गेलं आणि प्रकरण कोलकाता उच्च न्यायालयात पोचलं. मोठ्या कंपन्यांना असे खटले परवडतात. दहा शिलाई मशिनं असलेल्या कारखान्याला एक वकिलाची नोटीससुद्धा महाग पडते.

नाव टाळलं म्हणजे सुटलो, असंही नाही. २००४मध्ये डाबर आणि कोलगेट यांच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं की कुणाचं नाव न घेता एका अख्ख्या प्रकारच्या मालाला वाईट ठरवणंही आक्षेपार्ह असू शकतं. तिथे विषय लाल दंतमंजनाचा होता. आपला माल चांगला म्हणा, दुसऱ्याचा टाकाऊ म्हणू नका, असा या सगळ्याचा रोख आहे. म्हणून माझं मत ठामपणे तिसऱ्या पर्यायाच्या बाजूने आहे. आपल्याच नेहमीच्या कटाचा शर्ट आणि आपलाच स्लिम कट, एकाच ताग्यातल्या कापडाचे. यात कुणाची बदनामी नाही, कापड आणि रंग आपोआप सारखे राहतात, आणि ज्याला सैल शर्ट आवडतो त्याच्यासाठी डावीकडचाही विकायला ठेवता येतो. पंचावन्न वर्षांच्या गृहस्थाला तोच हवा असतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

फोटो काढताना शिस्त फार लागते. दोन्ही शर्ट एकदाच धुतलेले, सारखी इस्त्री केलेले. जमिनीवर पावलांच्या जागी चिकटपट्टीच्या खुणा करा. कॅमेरा तिपाईवर, छातीच्या उंचीला, तीन-चार मीटर लांब ठेवा आणि झूम करून घ्या. मोबाइलचा वाइड कॅमेरा जवळून वापरला तर चौकटीच्या कडेचा भाग ताणला जातो आणि पोट किंवा खांदे आहेत त्यापेक्षा रुंद दिसतात. उजेड एका बाजूने, साधारण तिरका येऊ द्या, म्हणजे कापडाच्या घड्या उठून दिसतात. समोरून सपाट उजेड पडला की झोळही लपतो आणि चांगली शिलाईही. कापड फिक्या निळ्या किंवा राखाडी रंगाचं घ्या. काळ्यात घड्या दिसत नाहीत, पांढऱ्यात उजेड फुटतो. उभ्या रेघांचं कापड चांगलं, कारण रेघ जिथे वाकते तिथे कापड जास्त आहे हे डोळ्याला लगेच कळतं.

मॉडेलचा श्वासही बघा. छाती भरून घेतलेला एक फोटो आणि श्वास सोडलेला दुसरा, एवढ्यानेही इंचभराचा फरक पडतो. दोन्ही शर्टांत सारख्याच वेळा फोटो घ्या आणि कुठला फोटो वापरायचा हे शर्ट न शिवलेल्या, न विकणाऱ्या माणसाला निवडू द्या. आपल्या मालाचा चांगला आणि दुसऱ्याचा बरा फोटो निवडण्याकडे आपला कल असतोच, तो मुद्दाम केलेला नसला तरी.

एक गोष्ट कुठल्याही परिस्थितीत करू नये : पाठीमागे चिमटे लावून शर्ट आवळणं. कॅटलॉगच्या फोटोंत ही पद्धत सर्रास आहे. साध्या फोटोत ती एक वेळ चालवून घेता येईल, तुलनेत नाही, कारण जे दाखवायचं म्हणता तेच तिथे बनावट होतं. कृत्रिम बुद्धिमत्तेने मॉडेलच्या अंगावर शर्ट चढवून देणारी साधनं आता फुकट मिळतात. रंगांचे पर्याय दाखवायला ती ठीक. पण यंत्राने काढलेल्या चित्रातल्या सुरकुत्या तुमच्या कापडाच्या नसतात, तुमच्या मुंढ्याच्याही नसतात. फिटिंगच्या तुलनेत असं चित्र वापरणं म्हणजे न शिवलेला शर्ट विकणं.

आता मांडणी. फोनचा पडदा साडेसहा-सात सेंटिमीटर रुंद, म्हणजे शेजारी-शेजारी ठेवलेल्या चित्रांपैकी एकाच्या वाट्याला जेमतेम साडेतीन सेंटिमीटर येतात. त्यामुळे माणूस डोक्यापासून पायापर्यंत दाखवायचा मोह आवरा. हनुवटीपासून मांडीपर्यंत पुरे. हात वर केलेल्या चित्रात कोपरापर्यंत. फीडसाठी ४:५ची चौकट, १०८० बाय १३५० पिक्सेल, चांगली : ती उभी चिरली की ५४० बाय १३५०चे दोन उंच तुकडे मिळतात आणि उभा माणूस त्यांत नीट मावतो. स्टोरी आणि रीलच्या ९:१६ चौकटीत, १०८० बाय १९२० पिक्सेलमध्ये, हेच शेजारी-शेजारी केलं तर दोन्ही शर्ट बारीक होतात. तिथे चित्रं एकाखाली एक ठेवा. रीलमध्ये वरचा सुमारे १४ टक्के आणि खालचा सुमारे ३५ टक्के भाग मजकुरापासून मोकळा ठेवायला इन्स्टाग्राम-फेसबुकची मालक कंपनी मेटा सांगते, कारण तिथे खात्याचं नाव, मथळा आणि बटणं येऊन बसतात. तुमचा बाण नेमका तिथे असला तर तो कुणाला दिसणार नाही.

आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून नेहमीचा कट डावीकडे आणि नवा उजवीकडे. लाल फुली आणि हिरवी बरोबरची खूण मात्र टाळा. एक तर त्यात आपल्याच डावीकडच्या शर्टाला नापास करणं आहे. शिवाय लाल-हिरवा भेद न कळण्याचा दोष स्त्रियांपेक्षा पुरुषांत कितीतरी जास्त आढळतो आणि ही जाहिरात पुरुषांसाठीच आहे. त्याऐवजी दोन्हीकडे सारख्या आकाराच्या अक्षरांत साधी नावं द्या : 'नेहमीचा कट', 'स्लिम कट'. एक बाण मुंढ्याकडे. किनारीच्या उंचीला दोन्ही चित्रांतून जाणारी एक आडवी तुटक रेघ. बस्स, एवढंच. चित्र काय सांगतंय ते या रेघेने एका नजरेत कळतं.

मराठी अक्षरांना जागा जास्त लागते, हे इंग्रजी साचे वापरणारे विसरतात. वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतली वेलांटी एकमेकांत घुसतात, जोडाक्षरं बारीक आकारात गोळा होतात. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने केलेले 'मुक्त' आणि 'बलू' हे फॉन्ट मोफत मिळतात आणि लहान पडद्यावर स्वच्छ वाचता येतात. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा थोडं वाढवा आणि अक्षरांना अवघी एकच ओळ द्या.

ती ओळ लिहिताना शर्टाविषयी लिहा, माणसाच्या शरीराविषयी नाही. 'पोट दिसतंय?', 'अजून ढगळ फिरताय?' अशा ओळी लक्ष वेधतात, आणि वाचणाऱ्याला लाजवतात. मेटाचे नियमही याबाबत कडक आहेत : बघणाऱ्याच्या वैयक्तिक गोष्टींकडे थेट बोट दाखवणारा मजकूर तिथे चालत नाही, आणि वजन-आरोग्याच्या मालासाठी न्यूनगंड जागवणारी, अशक्य फरक दाखवणारी आधी-नंतरची चित्रंही नाकारली जातात. शर्ट हे काही वजन कमी करायचं औषध नाही; पण 'पोट गायब' लिहिलंत तर तुमची जाहिरात त्याच खान्यात जाऊन अडकू शकते. नियम बाजूला ठेवले तरी, शरीराची लाज वाटायला लावून कपडा विकणं मला गैर वाटतं. दोष कापडाच्या कटात होता, माणसात नव्हता, हेच तर जाहिरातीला दाखवायचं आहे. 'मुंढा एक इंच वर घेतला आहे. हात वर करून बघा.' ही ओळ पुरेशी आहे, अर्थात तुमच्या टेपने तो एक इंच खरंच मोजला असेल तर.

खाली बारीक टीप द्यायची असेल तर तीही मराठीतच. २०२२च्या जून महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत दावा ज्या भाषेत आहे त्याच भाषेत खुलासा हवा आणि त्याचा फॉन्टही तोच हवा असं म्हटलं आहे. खुलाशाने मूळ दाव्याच्या उलट बोलायचं नाही, हेही त्यात आहे. टिपेत मॉडेलची उंची, छातीचं माप, दोन्ही शर्टांचा साइज आणि तयार मापं लिहा. या ठिकाणी तो कागद पहिल्यांदा कामी येतो. जाहिरात दिशाभूल करणारी ठरली तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दंड १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत जाऊ शकतो. जाहिरातीसाठी पैसे किंवा शर्ट देऊन कुणा इन्फ्लुएन्सरकडून ही तुलना करून घेतलीत तर ती जाहिरात आहे असं त्याने स्पष्ट लिहायला हवं. ॲस्कीचे तसे नियम २०२१पासून आहेत.

व्हिडिओ केलात तर आणखी सोपं. माणूस त्याच खुणांवर उभा, हात वर जातो, शर्ट चढतो, कट, तोच माणूस, दुसरा शर्ट, हात वर जातो, किनार हलत नाही. पहिल्या दोन-तीन सेकंदांत हात वर गेलाच पाहिजे, आधी लोगो फिरवत बसू नका. आवाज बंद ठेवून बघणारे पुष्कळ असतात, तेव्हा नावं पडद्यावर लिहिलेली असू द्या.

मग चाचणी. मेटाच्या ॲड्स मॅनेजरमध्ये दोन जाहिराती समांतर चालवून बघायची सोय आहे. इथेही तोच नियम : एका वेळी एकच गोष्ट बदला. ओळ बदलायची तर चित्र तेच, चित्र बदलायचं तर ओळ तीच. पाच-पन्नास क्लिकवर निकाल काढू नका. आणि निकाल फक्त क्लिकवर तर मुळीच काढू नका. कपड्याच्या धंद्यात खरा हिशेब पार्सल पोचल्यानंतर सुरू होतो. कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल न स्वीकारता परत आलं, ज्याला धंद्यातले लोक आरटीओ म्हणतात, तर जाण्या-येण्याचा खर्च विकणाऱ्याच्या माथी येतो. कोणत्या जाहिरातीवरून आलेल्या ऑर्डरी परत आल्या, साइज बदलून मागताना लोकांनी 'मोठा' म्हटलं की 'लहान', हे वहीत मांडा. चिमटे लावलेल्या फोटोवरून आलेलं गिऱ्हाईक 'चित्रात होता तसा नाही' म्हणून परत पाठवतं. मोजलेल्या मापावरून मागवणाऱ्याला निदान काय येणार ते ठाऊक असतं.

शेवटी एक विनंती. जाहिरात लावून झाली की मूळ फोटो, ते दोन्ही शर्ट आणि मापांचा कागद एका पिशवीत घालून तारीख टाकून ठेवा, फेकू नका. तो कागद दुसऱ्यांदा लागतो तो असा : ग्राहकाने ॲस्कीकडे किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, तर दावा खरा असल्याचा पुरावा जाहिरात देणाऱ्यालाच द्यावा लागतो.